रविवारचा रेफरी : एरिक लिडेल

आमच्या बेळगावात रविवारी सकाळी दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. चर्चची घंटा आणि मैदानावरच्या मॅचेस. ज्या घरात खेळणारी मुलं आहेत आणि आजीही आहे, त्या घरात यावरून थोडी तरी कुरबुर होतेच. आमच्याकडेही व्हायची. मी हॉकीच्या टीममध्ये होते, म्हणजे बहुतेक वेळा बाकावर बसलेली राखीव खेळाडू होते, तरी मॅचला जायचं म्हणजे जायचंच असा माझा हट्ट असे. आणि मग धर्मशिक्षणाच्या वर्गात ठरलेली गोष्ट ऐकायला मिळे. एक स्कॉटिश धावपटू होता, ऑलिंपिकची शर्यत रविवारी आली म्हणून तो धावलाच नाही, मग देवाने त्याला दुसऱ्या शर्यतीत सुवर्णपदक दिलं. आता तुम्ही बघा, तुम्हाला काय करायचं ते.

ही गोष्ट ऐकून मला त्या माणसाचा थोडा रागच यायचा. पुढे कॉलेजात आल्यावर 'चॅरिअट्स ऑफ फायर' हा 1981 चा सिनेमा पाहिला, तेव्हा राग गेला. आणि मग त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा कळलं की आम्हाला गोष्ट निम्मीच सांगितली होती. तिचा शेवट पॅरिसमध्ये होत नाही. तो चीनमधल्या एका छावणीत होतो, आणि तिथे रविवारही आहे आणि हॉकीही आहे. म्हणून या अंकात एरिक लिडेलची ही पूर्ण गोष्ट लिहिते आहे.

एरिक हेन्री लिडेलचा जन्म 16 जानेवारी 1902 ला चीनमधल्या तिएनत्सिन शहरात झाला. आजच्या नकाशावर ते तिआनजिन. आईवडील दोघेही स्कॉटिश, वडील लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. त्या काळी अशा मिशनरींच्या मुलांचं एक ठरलेलं असायचं. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की शिक्षणासाठी मायदेशी बोर्डिंगमध्ये ठेवायचं आणि आईवडिलांनी आपल्या कामावर परत जायचं. एरिक सहा वर्षांचा आणि त्याचा मोठा भाऊ रॉब आठ वर्षांचा असताना दोघांना लंडनजवळच्या मिशनरींच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत घातलं. हीच शाळा पुढे एल्थम कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. आईवडील चीनला परतले. त्यानंतर त्यांची भेट व्हायची ती केवळ कित्येक वर्षांनी मिळणाऱ्या रजेत.

सहा वर्षांचा मुलगा आणि समुद्रापलीकडचे आईवडील, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ती परत येणार आहे.

त्या शाळेत सगळी मुलं अशीच होती, आणि सगळ्यांना सांभाळणारी एक गोष्ट होती ती म्हणजे मैदान. एरिक मुलखाचा लाजाळू. पण पळायला लागला की कुणाला सापडायचा नाही. पुढे तो शाळेच्या क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही संघांचा कॅप्टन झाला. 1920 मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला. रॉब तिथेच डॉक्टरकी शिकत होता.

आपल्याकडे रग्बी फार कमी लोक पाहतात, म्हणून थोडं सांगते. अंडाकृती चेंडू, एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास द्यायचा तो मागेच. समोरच्यांनी तुम्हाला धरून खाली पाडायचं. त्यांना चुकवून शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. त्या काळी ट्रायचे तीन गुण मिळत. मैदानाच्या अगदी कडेला जो उभा असतो तो विंगर. बराच वेळ त्याच्याकडे चेंडू येतच नाही. थंडीत कुडकुडत उभं राहायचं, आणि आला की सगळ्यांच्या पुढे सुटायचं. एरिक विंगर होता.

स्कॉटलंडकडून तो पहिली मॅच खेळला 2 जानेवारी 1922 ला, फ्रान्सविरुद्ध, पॅरिसजवळच्या कोलोंब स्टेडियमवर. त्याला वीस वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन आठवडे होते. मॅच 3-3 अशी बरोबरीत सुटली. त्याच मोसमात वेल्सशी 9-9 अशी बरोबरी झाली, आणि आयर्लंडला स्कॉटलंडने 6-3 ने हरवलं. त्यात एरिकचा पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय होता.

1923 चं वर्ष तर त्याचंच. जानेवारीत फ्रान्सविरुद्ध 16-3 असा विजय, एरिकचा एक ट्राय. फेब्रुवारीत कार्डिफला वेल्सविरुद्ध मॅच. तिथे स्कॉटलंड 1890 नंतर जिंकलाच नव्हता. एरिकच्या शेजारी सेंटरला लेस्ली ग्रेसी खेळायचा, आणि या दोघांची जोडी तेव्हा गाजत होती. त्या दिवशी एरिकने एक ट्राय केला. शेवटच्या काही मिनिटांत ग्रेसीने अगदी टोकाच्या रेषेपर्यंत पळत जाऊन दुसरा केला आणि स्कॉटलंड 11-8 ने जिंकला. कार्डिफचे प्रेक्षक म्हणजे हरलेल्या संघाचे लोक, पण त्यांनीच ग्रेसीला खांद्यावर घेतलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. त्याच महिन्यात डब्लिनला आयर्लंडवर 13-3 असा विजय, आणि परत एरिकचा एक ट्राय.

मग आली 17 मार्चची इंग्लंडविरुद्धची मॅच. इंग्लंड-स्कॉटलंड मॅचच्या करंडकाचं नाव आहे कलकत्ता कप, आणि ते उगीच नाही. आपल्या कलकत्त्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. तो 1878 मध्ये बंद पडला, तेव्हा क्लबच्या खात्यातले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा हा कप घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. एडिंबरातल्या थंडीत एरिक खेळला तो अशा हिंदुस्थानी रुपयांच्या कपासाठी. इंग्लंडने ती मॅच 8-6 ने जिंकली.

ही त्याची सातवी आंतरराष्ट्रीय मॅच, आणि शेवटची. सात मॅचेस, चार विजय, दोन बरोबरी, एक हार आणि चार ट्राय. वय एकवीस. कुठलाही खेळाडू इथे म्हणेल की आता कुठे सुरुवात झाली आहे. पण पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक होतं. रग्बीत रोज अंग ठेचून घ्यायचं आणि धावण्याची तयारीही करायची, हे एकत्र जमणारं नव्हतं. त्याने रग्बी सोडली.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट घडली. 6 एप्रिल 1923 ला आर्मडेल नावाच्या खाणकामगारांच्या गावात त्याला लोकांसमोर आपल्या श्रद्धेबद्दल बोलायला बोलावलं. लाजाळू माणूस, पण हो म्हणाला. तिथे भाषण वगैरे काही झालं नाही, देव आपल्याला काय वाटतो ते त्याने साध्या शब्दांत सांगितलं. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि मी आता तेवढीच आहे. आपल्या वर्गात उठून कुणी असं बोलायला सांगितलं तर माझं काय होईल, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता.

धावपटू म्हणून तो बघण्यासारखा होता असं म्हणता येत नाही. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात पवनचक्कीसारखे फिरणारे. प्रशिक्षक टॉम मकर्चर यांनी बरेच कष्ट घेतले, पण ती धाटणी काही गेली नाही. मात्र जुलै 1923 मध्ये लंडनच्या स्पर्धेत त्याने 100 यार्ड 9.7 सेकंदांत पार केले, आणि ब्रिटनचा तो विक्रम पुढे वीस वर्षांहून जास्त टिकला. त्याच महिन्यात स्टोक-ऑन-ट्रेंटला 440 यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून तो ट्रॅकबाहेर पडला. उठला तेव्हा बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे होते. त्याने सगळ्यांना गाठलं, शर्यत जिंकली आणि रेषेपलीकडे कोसळला. शर्यतीआधी प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायची त्याची सवय होती. त्या काळी धावपटूंना पाय टेकायला मातीत स्वतः खळगे करावे लागत. एरिक आपलं खुरपं शेजारच्याला देऊन टाकायचा.

आता पॅरिस. सिनेमात दाखवलंय की जहाजावर चढताना त्याला कळतं की 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत. तसं घडलं नव्हतं. वेळापत्रक कित्येक महिने आधीच आलं होतं. स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट घरांत रविवार फार कडक पाळला जायचा. आपल्यासारखं सकाळची मिस्सा झाली की दुपारी मैदान मोकळं, असं नव्हतं. तो दिवस देवाचा, त्या दिवशी खेळ नाही. एरिकने शांतपणे सांगून टाकलं की 100 मीटर धावणार नाही. रविवारी येणाऱ्या रिले शर्यतींनाही नाही म्हटलं. टीका झाली. त्याने कुणाशी वाद घातला नाही, 200 आणि 400 मीटरची तयारी सुरू केली.

रविवार, 6 जुलै 1924 ला 100 मीटरच्या फेऱ्या झाल्या तेव्हा एरिक पॅरिसमधल्या स्कॉट्स चर्चमध्ये होता. दुसऱ्या दिवशी ती शर्यत ब्रिटनच्याच हॅरल्ड अब्राहम्सने जिंकली. 9 जुलैला 200 मीटरमध्ये एरिकला ब्राँझपदक मिळालं. 11 जुलैला 400 मीटरची अंतिम शर्यत. त्याला सर्वात बाहेरची लेन मिळाली होती, म्हणजे बाकीचे कुठे आहेत ते दिसणारच नाही. त्याने पहिल्यापासूनच जणू 100 मीटरची शर्यत असावी तसा वेग घेतला. हा दमून थांबेल असं सगळ्यांना वाटलं. तो थांबला नाही. 47.6 सेकंद, नवा ऑलिंपिक विक्रम, आणि अमेरिकेचा होरेशियो फिच काही मीटर मागे. स्टेडियम तेच कोलोंबचं, जिथे अडीच वर्षांपूर्वी तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा रग्बी खेळला होता.

परतल्यावर आठवड्याभरातच त्याचा पदवीदान समारंभ झाला. कुलगुरूंनी डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला, मुलांनी खांद्यावर घेऊन एडिंबराच्या रस्त्यांतून मिरवलं. आमच्या वर्गातली गोष्ट इथे संपायची. देवाचं ऐकलं, पदक मिळालं, हिशोब पूर्ण.

पण त्याने तो हिशोब मांडलाच नव्हता. पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, कीर्ती अगदी शिखरावर असताना तो चीनला निघून गेला. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान शिकवायला लागला. 1932 मध्ये रजेवर स्कॉटलंडला आला असता त्याने पाळकपदाची दीक्षा घेतली. 1934 मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झीशी लग्न झालं. तीही मिशनरींचीच मुलगी, कॅनडाची. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या.

1937 मध्ये जपानने चीनवर स्वारी केली आणि एरिकला सियाओचांग नावाच्या खेड्यातल्या मिशनवर पाठवलं. भाऊ रॉब तिथेच दवाखान्यात डॉक्टर होता. आजूबाजूला दुष्काळ, दरोडेखोर आणि दोन सैन्यं. एकदा एरिकने दोन जखमींना हातगाडीवर घालून दवाखान्यापर्यंत आणलं, वाटेत जपानी सैनिक असताना. 1941 मध्ये परिस्थिती फारच बिघडली, तेव्हा त्याने गरोदर फ्लॉरेन्सला आणि मुलींना कॅनडाला पाठवलं आणि स्वतः मागे राहिला. तिसरी मुलगी मॉरीन सप्टेंबरमध्ये टोरांटोला जन्मली. बापलेकीची भेट कधीच झाली नाही.

मार्च 1943 मध्ये जपान्यांनी उत्तर चीनमधल्या परदेशी लोकांना वेइशिएन इथल्या नजरकैद छावणीत आणलं. हे एका जुन्या मिशनचंच आवार होतं. त्यात दीड-दोन हजार माणसं कोंबलेली. व्यापारी, शिक्षक, वादक, मिशनरी, आणि सुरुवातीला शेकडो कॅथलिक फादर आणि सिस्टरही. त्यातले ट्रॅपिस्ट पंथाचे फादर स्कॅनलन भिंतीवरून चोरून अंडी आत आणायचे. पकडले गेले तेव्हा त्यांना एकांतवासाची शिक्षा झाली. ज्या माणसाने मठात वर्षानुवर्षं मौन पाळलं त्याला एकांतवास! सगळी छावणी हसली म्हणतात.

त्या सप्टेंबरमध्ये चेफू शाळेची मुलं छावणीत आली. ही शाळा मिशनरींच्या मुलांची. बोर्डिंगमध्येच शिक्षकांबरोबर पकडली गेलेली, आईवडील कुठेतरी दुसरीकडे. वर्षानुवर्षं भेट नाही. मी तुम्हाला सहा वर्षांचा मुलगा लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो यासाठी. एरिकने हे शब्दांत कुठे मांडलं का, ते महत्त्वाचं नाही. पण त्या मुलांकडे बघताना त्याला लंडनजवळचं ते बोर्डिंग दिसलं असणार, असं मला वाटतं.

तो त्यांचा 'अंकल एरिक' झाला. साधनं नसताना विज्ञान शिकवलं, प्रयोगाच्या उपकरणांची चित्रं काढून. म्हाताऱ्या माणसांचं पाणी वाहिलं. हॉकीच्या मोडक्या स्टिका कापडाच्या पट्ट्या आणि सरस लावून जोडून दिल्या. संध्याकाळी खेळ घेतले. रविवारी मात्र नाही. तो नियम छावणीतही होता.

मोठ्या मुलांना ते पटेना. भुकेलेली, कोंडलेली, वयात आलेली पोरं. रविवारचा आख्खा दिवस करायचं काय? एका रविवारी त्यांनी स्वतःच हॉकीची मॅच ठरवली, मुलगे विरुद्ध मुली. रेफरी कुणीच नाही. झालं, मॅचची मारामारी झाली.

पुढच्या रविवारी मुलं मैदानावर आली तेव्हा रेफरी म्हणून एरिक लिडेल उभा होता.

चरित्रातलं ते पान मी दोनदा वाचलं. ज्याने सगळ्या जगासमोर ऑलिंपिकसाठी आपला रविवार मोडला नाही, त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं. मोडला, की पाळला? मला वाटतं पाळला. पॅरिसमध्ये नियम पाळायची किंमत तो स्वतः देत होता, स्वतःच्या पदकाने. छावणीत तोच नियम धरून बसला असता तर किंमत मुलांनी दिली असती, डोकी फोडून घेऊन. स्वतःला त्रास होणार असेल तर नियम धरायचा, दुसऱ्याला होणार असेल तर सोडायचा, एवढं साधं हे आहे. आपण बहुतेक वेळा याच्या नेमकं उलट वागतो.

1944-45 च्या हिवाळ्यात त्याला भयंकर डोकेदुखी सुरू झाली. आधी वाटलं की अतिश्रमामुळे असेल. त्या थंडीत त्याने आपले धावायचे जुने बूट, दोऱ्याने बांधून दुरुस्त केलेले, एका मुलाला दिले, कारण त्याच्या पायांत काही नव्हतं. शत्रूसाठी प्रार्थना करायची, हे त्या मुलाला त्यानेच शिकवलं होतं. तो मुलगा मोठा झाल्यावर मिशनरी म्हणून गेला तो जपानलाच.

21 फेब्रुवारी 1945 ला एरिकने फ्लॉरेन्सला एक छोटं पत्र पाठवलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. मेंदूत गाठ होती. वय त्रेचाळीस. छावणी मुक्त झाली 17 ऑगस्टला, सहा महिन्यांनी. बातमी कॅनडात पोचायलाच दोन महिन्यांहून जास्त लागले. त्याला छावणीतच पुरलं. थडग्यावर एक लाकडी क्रूस होता आणि त्यावर नाव लिहिलं होतं बूटपॉलिशने. 1991 मध्ये एडिंबरा विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरचा ग्रॅनाइटचा दगड तिथे नेऊन उभा केला.

आजीला मी ही पूर्ण गोष्ट सांगितली. हॉकीचा भाग आला तेव्हा ती जरा गप्प झाली, मग विचारलं की मॅच जिंकलं कोण, मुलगे की मुली. मला सांगता आलं नाही. गेल्या महिन्यापासून आमच्या घरी तडजोड झाली आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा मी चुकवत नाही, आणि रविवारी सकाळी आजी डबा भरून देते. धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांना मी आता मदत करते. तिथे एरिक लिडेलची गोष्ट सांगायची वेळ आली की मी ती पॅरिसमध्ये थांबवत नाही.